शिंगावरचं नाव नेमकं कोणाचं? जुन्या कोरीव दारूच्या शिंगाचा मूळ मालक कसा शोधायचा

आमच्या बाबांचं ठाण्यात जांभळी नाक्याजवळ भांड्यांचं दुकान होतं. माझं लहानपण छिन्नीवर पडणाऱ्या हातोडीची टकटक ऐकण्यात गेलंय, कारण गिऱ्हाईक कळशी घेऊ दे नाहीतर पेला घेऊ दे, शेवटी म्हणणार नाव घालून द्या. त्यामुळे एक गोष्ट मला कोणी न शिकवता कळली, की भांड्यावर नाव आहे म्हणजे भांडं त्या माणसाचंच असं नसतं. कधी ते देणाऱ्या मामाचं असतं, कधी जिला दिलं तिचं, आणि कधी कै. म्हणून ज्याच्या स्मरणार्थ वाटलं त्याचं असतं, ज्याने ते भांडं बघितलेलंही नसतं.

हे आधी सांगितलं कारण माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीजवळ बरीच वर्षं नोकरी करून पाचपाखाडीत परत आला तेव्हा एका जुन्या घराच्या सामानाच्या विक्रीत घेतलेलं एक कोरलेलं शिंग घेऊन आला. बंदुकीची दारू ठेवायचं शिंग, इंग्रजीत पावडर हॉर्न म्हणतात ते, आपल्याकडे बारूददान. त्यावर एक नाव, नावाच्या आधी कॅप्टनचं छोटं रूप, मग हे त्याचं शिंग अशा अर्थाचे दोन शब्द, लेक जॉर्ज, म्हणजे त्याच राज्यातलं एक तळं, आणि ऑक्टोबर 1758. दादाने नाव गूगल केलं, मॅसॅच्युसेट्समधला त्याच नावाचा एक कॅप्टन मिळाला आणि विषय संपला असं त्याला वाटलं. विषय संपला नव्हता. मूळ मालकापर्यंत जायला आम्हाला पुढे आठ महिने लागले, त्यात जे शिकलो ते पायरी पायरीने लिहितेय. कोणाच्या घरी असं शिंग असेल किंवा कोणी अमेरिकेहून आणलं असेल तर उपयोगी पडेल. मालकाचं नाव इथे लिहीत नाही, का ते शेवटी कळेल.

सगळ्यात आधी, आत दारू आहे का ते बघा

ही पायरी कोणी गाळू नका. काळी दारू म्हणजे साधारण 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा, 10 टक्के गंधक, आणि ती कोरडी राहिली तर जुनी झाली म्हणून मरत नाही, अडीचशे वर्षांनीही पेटू शकते. शिंग हळूच कानाशी धरून तिरपं करा, आत काही सरकल्याचा आवाज येतो का ऐका. आला तर बूच ओढू नका, सुई-तार घालू नका, ड्रिल तर नाहीच, आणि थोडी पेटवून बघू असं तर मनातही आणू नका. देवघर, गॅस, उदबत्ती यांच्यापासून लांब ठेवा आणि 112 वर फोन करून पोलिसांना सांगा, त्यांच्याकडे यासाठी माणसं असतात. आमच्या शिंगात काही नव्हतं, फक्त बुचाच्या टोकाला काळा थर होता, तो आम्ही तसाच ठेवला.

एक गोष्ट इथेच सांगते, मला ती कळल्यापासून हे शिंग परकं वाटत नाही. त्या काळात इंग्रजांच्या दारूतला सोरा मोठ्या प्रमाणात आपल्या बिहारमधून जायचा, पाटण्याच्या बाजूचा, आणि 1758 मध्ये तर त्या सोऱ्याची मक्तेदारीच ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. म्हणजे लेक जॉर्जच्या काठी त्या माणसाने शिंगात भरलेल्या दारूत आपल्याकडच्या मातीतला सोरा असणं अगदी शक्य आहे.

धुऊ नका, पुसू नका, तेल लावू नका

दादाने घरी आल्याआल्या शिंगाला खोबरेल तेल लावलं होतं, चमकावं म्हणून. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांचाच प्रकार, ते तेल पिऊन घेतं आणि तेलावर धूळ बसून कोरीव रेघा भरून जातात. अशा रेघांत पूर्वीच्या लोकांनी काजळी किंवा शाई मुद्दाम चोळलेली असते, अक्षरं उठून दिसावीत म्हणून, ती काजळी हाच आपला पुरावा आहे आणि एका ओल्या फडक्याने तो जातो. पितांबरी, चिंच, लिंबू हे तांब्यापितळेसाठी, शिंगाला काहीही नको. शिलालेख वाचताना खडू किंवा टाल्कम पावडर चोळतात ना, ते पण इथे करू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस.

आता वस्तू वाचा, नाव नाही

माझं सगळ्यात ठाम मत हेच आहे. नाव दिसलं की हात मोबाईलकडे जातो, पण नाव शेवटी वाचायचं. आधी शिंग हे शिंग आहे का ते बघा. अंधाऱ्या खोलीत रुंद तोंडाजवळ मागून टॉर्च धरा, खरं गाईबैलाचं शिंग बऱ्याचदा मधासारखं उजळतं आणि आत लांबीच्या दिशेने थर दिसतात. जुने कारागीर शिंग आतून-बाहेरून खरवडून मुद्दाम पातळ करायचे, हलकं होतं आणि उजेडासमोर धरलं की दारू किती उरली ते दिसतं. प्लॅस्टिकच्या ओतीव नकलेत थर नसतात, बारीक बुडबुडे असतात, साच्याची शिवण असते आणि कोरलेल्या रेघेच्या कडा गोल, साबणासारख्या वाटतात. तापलेली सुई टोचून बघायची जी युक्ती सांगतात ती करू नका, वस्तूला कायमचं भोक पडतं.

मग बांधणी बघा. रुंद तोंड लाकडी झाकणाने कायमचं बंद केलेलं असतं, बऱ्याचदा पाइनचं लाकूड, कडेने लाकडी खुंट्या किंवा छोटे खिळे. अरुंद टोकाला बूच आणि त्याच्या अलीकडे कोरून काढलेली कडी किंवा खाच, पट्टा अडकवायला. झाकणाच्या खालच्या बाजूला जरूर बघा, तिथे कधीकधी दुसरीच आद्याक्षरं असतात. आणि शिंगाची कुठली बाजू जास्त झिजलीय ते शोधा, कारण शिंग कमरेला लटकायचं आणि अंगाकडची बाजू कपड्यावर, पट्ट्यावर घासून गुळगुळीत व्हायची. आमच्या शिंगाची ही बाजू इतकी गुळगुळीत आहे की डोळे मिटूनही बोटाला कळते. ही झीज कुठे आहे ते कागदावर चितारून ठेवा, पुढे लागणार आहे.

फोटो

टॉवेलची गुंडाळी करून त्यात शिंग ठेवा म्हणजे घरंगळणार नाही. खोली अंधारी करा आणि मोबाईलचा टॉर्च एका बाजूने, जवळजवळ शिंगाला टेकेल इतका खाली आणि आडवा धरा. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं, आडव्या उजेडात झिजलेली अक्षरंही सावली टाकतात. थोडं फिरवा, एक फोटो, परत थोडं फिरवा, असं पूर्ण गोल, आम्ही 24 फोटो काढले आणि मग टॉर्चची बाजू बदलून परत 24. बाजू बदलणं महत्त्वाचं आहे कारण रेघ टॉर्चच्या दिशेलाच असेल तर ती दिसतच नाही. शेजारी पट्टी ठेवा मापासाठी. मग सगळं उलगडून एका लांब कागदावर हाताने काढा. एकोणिसाव्या शतकात रुफस ग्रायडर नावाच्या माणसाने न्यूयॉर्क राज्यात फिरून शेकडो शिंगांची अशी उलगडलेली चित्रं काढली, ती आज न्यूयॉर्क हिस्टॉरिकल या संस्थेत (पूर्वीची न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटी) आहेत. चित्र काढायचा कंटाळा करू नका, हाताने काढताना डोळा अशा जागी थांबतो जिथे नुसता फोटो बघताना थांबत नाही. आम्हाला नावाच्या खाली एक शब्द आणि पुसट गावाचं नाव आहे हे चित्र काढतानाच कळलं, त्याआधी दादाने ते तीन वर्षं बघितलं नव्हतं.

अक्षरं उतरवताना

जसं दिसतं तसंच उतरवा, सुधारून लिहू नका. त्या काळात कोरताना जे (J) या अक्षराच्या जागी आय (I) सर्रास वापरायचे, त्यामुळे आयने सुरू होणारं विचित्र नाव जॉन किंवा जोसेफ असू शकतं. शब्दाच्या मधला एस लांबुडका, एफसारखा दिसतो. नावं छाटून शेवटचं अक्षर वर चढवायचे, डब्ल्यूच्या डोक्यावर छोटा एम म्हणजे विल्यम, टीएचओवर छोटा एस म्हणजे थॉमस. एन उलटा कोरलेला सापडतो. स्पेलिंग तर एकाच माणसाचं तीन कागदांवर तीन प्रकारे मिळतं, आपल्याकडे जुन्या दाखल्यांवर आडनावं कशी बदलत जातात तसंच, म्हणून शोधताना नाव जसं ऐकू येईल तशी चार-पाच रूपं लिहून ठेवा.

आता बाबांची पायरी: कुठली रेघ आधी, कुठली नंतर

इथपर्यंत मी आणि दादाच होतो. एका रविवारी बाबा आले, चष्म्यावर दुकानातलं भिंग लावलं, दहा मिनिटं काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, अगं हे नाव एकाने घातलंय आणि पुढचं छोटं अक्षर दुसऱ्याने, आणि बऱ्याच नंतर. ते छोटं अक्षर म्हणजे कॅप्टन.

त्यांनी जे दाखवलं ते असं. एक, हत्यार. नावाच्या रेघेचा तळ रुंद आणि थोडा खडबडीत आहे, कॅप्टनच्या रेघा बारीक आणि तळाला व्ही आकाराच्या, म्हणजे दोन वेगळी टोकं. दोन, झीज. ही अक्षरं नेमकी त्या गुळगुळीत बाजूवर येतात, तिथे नावाच्या कडा गोल झाल्यात पण कॅप्टनच्या कडा अजून नखाला लागतात. जागा घासली गेली तर तिथलं सगळंच घासलं जायला हवं, एकच शब्द सुटत नाही. तीन, ओरखडे, आणि हा पुरावा सगळ्यात भारी आहे. शिंगावर आडवेतिडवे जुने ओरखडे असतात. ओरखडा अक्षराच्या कडा तोडत आरपार गेला असेल तर अक्षर आधीचं, ओरखडा नंतरचा. ओरखडा अक्षराच्या एका कडेला येऊन थांबतो, पलीकडच्या कडेपासून परत सुरू होतो आणि मधे अक्षराचा तळ स्वच्छ आहे, असं असेल तर अक्षर ओरखड्यावरून कोरलंय, म्हणजे नंतरचं. आमच्या नावाला चार ओरखडे कापून गेलेत. कॅप्टनने दोन ओरखडे कापलेत.

हेच तडा आणि किडीला लागू होतं. शिंग वाळून चिरतं, कीड केराटिन खाऊन नागमोडी खाचा पाडते. कोरलेली रेघ अशा खाचेत उतरून पुढे जात असेल तर कोरणारा कीड लागल्यानंतर आलाय. यासाठी दहापटीचं भिंग पुरतं, सोनाराकडे असतं तसलं.

नंतर कोणी का कोरतं? त्याला फसवणूकच कारण असेल असं नाही. 1876 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली तेव्हा पूर्वजांच्या वस्तूंचं प्रेम तिकडे उसळून आलं, घरात आजोबांचं शिंग आहे, त्यावर त्यांचं नाव घालून ठेवू असं नातवाला वाटू शकतं, आपण कै. घालतो तसंच. पण कोऱ्या जुन्या शिंगावर विकण्यासाठी कोरून ठेवणारेही होते आणि आहेत, कारण कोऱ्या शिंगापेक्षा कोरलेल्याला आणि साध्या शिपायापेक्षा कॅप्टनच्या शिंगाला जास्त पैसे येतात. आमचं शिंग या दोघांपैकी कोणी सुधारलं ते कळायला मार्ग नाही, आणि मालक शोधायला ते लागतही नाही.

तारीख आणि जागा एकमेकांना धरून आहेत का

ही पायरी घरबसल्या होते आणि बरीचशी बनावट शिंगं इथेच पडतात. मोठा काळ दोनच: 1754 ते 1763 चं अमेरिकेतलं फ्रेंच-इंग्रज युद्ध, आणि 1775 पासूनचं अमेरिकन क्रांतियुद्ध. त्यातल्या जागांच्या जन्मतारखा लक्षात ठेवा. लेक जॉर्ज हे नावच इंग्रजांच्या बाजूच्या विल्यम जॉन्सन या सेनापतीने 1755 मध्ये दिलं, त्याआधी फ्रेंच त्याला वेगळ्या नावाने ओळखायचे, म्हणून लेक जॉर्ज 1754 असं दिसलं तर थांबा. त्याच तळ्याकाठचा इंग्रजांचा किल्ला फोर्ट विल्यम हेन्री 1755 मध्ये बांधला आणि ऑगस्ट 1757 मध्ये पडला, तिथे 1758 मध्ये बसून कोणी शिंग कोरणार नाही. क्राउन पॉइंट 1759 च्या उन्हाळ्यापर्यंत फ्रेंचांकडे होता, त्यांनी 31 जुलैला आपला किल्ला उडवला आणि मग इंग्रज सेनापती अॅमहर्स्टने तिथे नवा बांधायला घेतला, म्हणजे इंग्रजांच्या बाजूच्या शिपायाचं क्राउन पॉइंट 1757 हे जमत नाही. फोर्ट स्टॅनविक्स 1758 चा. बॉस्टनच्या वेढ्यातली शिंगं एप्रिल 1775 ते मार्च 1776 मधली असायला हवीत, त्यावर रॉक्सबरी, केंब्रिज, विंटर हिल अशी नावं येतात. 1775 च्या शिंगावर युनायटेड स्टेट्स असं कोरलेलं असेल तर संशय घ्या, अमेरिकेतल्या काँग्रेसने ते नाव सप्टेंबर 1776 मध्ये ठरवलं. छातीवर ढाल असलेला गरुड हा अमेरिकेच्या 1782 च्या राजमुद्रेतला.

आमचं शिंग इथे पास झालं. 8 जुलै 1758 ला जनरल अॅबरक्रॉम्बीने सुमारे 16,000 माणसं घेऊन टिकॉन्डरोगाच्या फ्रेंच किल्ल्यावर हल्ला केला, समोर फ्रेंच सेनापती माँकाम चार हजारांहूनही कमी माणसांनिशी होता, तरी इंग्रजांचे जवळपास दोन हजार मेले किंवा जखमी झाले आणि फौज माघारी लेक जॉर्जच्या दक्षिण टोकाला येऊन बसली. तिथे ती शरद ऋतूपर्यंत होती. म्हणजे ऑक्टोबर 1758 ला त्या तळ्याकाठी हजारो माणसं तंबूत बसलेली, बरोबरची माणसं गमावलेली, घरी जायची वाट बघणारी. एवढ्या वेळात शिंगं कोरली गेली नसती तरच नवल.

जाता जाता, शिंगांवर नकाशेही असतात, हडसन नदी, ऑल्बनी, मोहॉक नदी, ऑन्टॅरिओ तळ्यापर्यंतचा रस्ता, वर इंग्लंडच्या राजाचं सिंह-युनिकॉर्नचं चिन्ह. 1762 पासून क्युबातल्या हवानाची शिंगं येतात. नकाशा आहे म्हणजे मालक त्या सगळ्या रस्त्याने चालला असं मात्र धरू नका, नकाशे एकावरून एक उतरवले जायचे.

कोरणारा वेगळा, मालक वेगळा

छावणीत हात चांगला असलेला एखादा असायचा आणि इतर जण त्याच्याकडून कोरून घ्यायचे. जॉन बुश नावाचा मॅसॅच्युसेट्सच्या श्रूजबरीचा कृष्णवर्णीय सैनिक 1750 च्या दशकात लेक जॉर्जच्या भागात कोरत होता, त्याच्या हाताची वळणदार अक्षरं आज अभ्यासक ओळखतात, 1757 मध्ये फोर्ट विल्यम हेन्री पडल्यावर तो फ्रेंचांच्या कैदेत गेला. जेकब गे हा दुसरा, त्याने पुढे क्रांतियुद्धापर्यंत कोरलं. त्यामुळे अक्षर सुंदर आहे म्हणून मालक शिकलेला होता किंवा अधिकारी होता असं म्हणता येत नाही. बाबांनी हजारो नावं घातली असतील, ती सगळी त्यांच्या अक्षरात आहेत आणि एकही भांडं त्यांचं नाही.

दोन नावं असतील तर त्याचं शिंग किंवा हिज हॉर्न हे शब्द ज्याच्या मागे लागलेत तो मालक धरा, मेड बाय किंवा नुसती कोपऱ्यातली आद्याक्षरं कोरणाऱ्याची असू शकतात. आणि शिंगं बापाकडून मुलाकडे जायची, म्हणून 1758 चा मालक आणि 1775 मध्ये तेच शिंग घेऊन बॉस्टनला गेलेला मुलगा असे दोघं एकाच शिंगावर सापडू शकतात.

आता कागद

इथे आल्यावरच नाव शोधायचं. फ्रेंच युद्धातल्या वसाहतींच्या फौजा हंगामी असायच्या, वसंतात भरती आणि साधारण नोव्हेंबरपर्यंत घरी, आणि दर कंपनीची हजेरीपत्रकं, मस्टर रोल, बनायची. कनेक्टिकटची ती छापून आलीत, तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीने 1903 आणि 1905 मध्ये दोन खंड काढले, इंटरनेट अर्काइव्ह या वेबसाइटवर फुकट वाचता येतात. मॅसॅच्युसेट्सच्या क्रांतियुद्धातल्या सैनिकांचे 17 खंड 1896 ते 1908 मध्ये छापले गेले, तेही तिथेच आहेत. न्यूयॉर्कच्या कागदांचं दुर्दैव म्हणजे 1911 मध्ये ऑल्बनीला राज्याच्या ग्रंथालयाला आग लागून बरंच गेलं. क्रांतियुद्धातल्या माणसाचं पेन्शन शोधायचं असेल तर 1818 आणि 1832 च्या कायद्यांनंतरचे अर्ज बघा, त्यात म्हातारे सैनिक स्वतः कुठे लढलो ते सांगतात, वाचताना डोळ्यात पाणी येतं. त्याआधीचे बरेच कागद वॉशिंग्टनमध्ये नोव्हेंबर 1800 च्या आगीत गेले, म्हणून अर्ज सापडला नाही याचा अर्थ माणूस लढला नाही असा नाही. जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदींसाठी फॅमिलीसर्च ही वेबसाइट, खातं फुकट उघडतं. त्यावर लोकांनी स्वतः टाकलेली वंशावळ पुरावा म्हणून घेऊ नका, मूळ पानाचा फोटो बघा.

शोधताना चार गोष्टी एका कागदावर उभ्या मांडा: नाव, गाव, साल, जागा. सापडलेला माणूस चारही खणांत बसला पाहिजे. दादाचा कॅप्टन नाव आणि सालात बसत होता, पण त्याची कंपनी 1758 मध्ये लेक जॉर्जला होती असं कुठे मिळेना आणि गाव तर जुळतच नव्हतं. कॅप्टन हा शब्द काढून टाकल्यावर आम्ही परत पहिल्यापासून सुरू केलं, पुसट गावाचं नाव आडव्या उजेडातल्या फोटोवरून कनेक्टिकटमधल्या एका छोट्या गावाशी जुळलं, आणि त्या छापील खंडात त्या गावच्या माणसांच्या कंपनीत तेच नाव साध्या शिपायांच्या यादीत मिळालं. वसंतात भरती, नोव्हेंबरमध्ये सुट्टी. मी रात्री दीड वाजता दादाला फोन केला, तो उचलला आणि म्हणाला, कॅप्टन नाही ना? मी म्हटलं, नाही दादा, साधा शिपाई. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, बरं झालं, कॅप्टनचं नाव तर सगळीकडे आहे, याचं नाव त्या यादीत आणि आपल्या घरात, बाकी कुठे आहे?

शेवटचा दुवा मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीचा. तिकडे माणूस गेला की शेजारपाजारचे लोक घरातली वस्तू न् वस्तू लिहून किंमत लावायचे, गाय, तवा, चादर, बंदूक सगळं. त्यात दारूचं शिंग लिहिलेलं मिळू शकतं. आमच्या माणसाच्या यादीत बंदूक आहे, शिंग नाही. कदाचित आधीच मुलाला दिलं असेल, कदाचित बंदुकीबरोबर धरलं असेल. शिवाय त्याच गावात त्याच नावाचा त्याचा चुलतभाऊही होता, तो मात्र 1758 च्या कुठल्या यादीत मिळाला नाही. म्हणून मी त्याला अजून बहुतेक हाच असं म्हणते, आणि बहुतेक आहे तोवर नाव जाहीर लिहायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलंय. एकदा नाव कुठे टाकलं की ते पुढे सगळे खरं धरून उतरवत जातात, ते कॅप्टन कोरणाऱ्यासारखंच होईल.

शिंग आपल्याकडचंच असेल तर

पद्धत तीच, कागद वेगळे. आपल्याकडे बारूददानाबरोबर रंजक ठेवायची छोटी कुपीही असते, बंदुकीच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, टाकायच्या बारीक दारूची. शिंग, लाकूड, चामडं, शिंपला, हस्तिदंत सगळ्यात मिळतं. अक्षरं देवनागरी, मोडी किंवा फारसी. टिंबाटिंबांनी कोरलेली असतील तर ते मालकाचं नाव न समजता शस्त्रागाराची नोंद असू शकते हे आधी तपासा, बीकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर अशी टिंबांची देवनागरी असते, आमच्या दुकानातल्या नावांसारखीच. साल असेल तर कुठलं ते ओळखा: शकात 78 मिळवा, विक्रम संवतातून 57 वजा करा, दख्खनी फसलीत 590 आणि शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवा, म्हणजे इसवी सन येईल. मोडी कागदांसाठी पुण्याचं पुराभिलेखागार आणि 1910 मध्ये राजवाडे-मेहेंदळ्यांनी सुरू केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ ही पहिली दोन दारं.

कायद्याचं पण बघा. हस्तिदंत, सांबराचं किंवा काळविटाचं शिंग, गवा, हे सगळं 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतं, घरात आहे म्हणून विकता येत नाही, वनखात्याशी बोला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्याच पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि भारताबाहेर पाठवायची तर आधी पुरातत्त्व सर्वेक्षणाला विचारावं लागतं, भेट म्हणून कुरिअर करायची असली तरी.

ठेवायचं कसं

ठाण्याचा पावसाळा शिंगाचा शत्रू आहे. दमटपणात ते फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, झाकणाजवळ चिरतं, आणि लोकरीला लागते तशी कीड लागते. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवा. घट्ट प्लॅस्टिकची पिशवी नको. सिलिका जेलच्या पुड्या खोक्यात ठेवा पण शिंगाला चिकटून नको, एकदम कोरडं केलंत तरी चिरेल. डांबरगोळी शिंगाला लागू देऊ नका. दर महिन्याला उघडून खाली बारीक भुसा पडलाय का बघा, पडला असेल तर कीड आहे, खोकं बाकी सामानापासून लगेच लांब करा आणि वस्तुसंग्रहालयांसाठी काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा.

खोक्यात एक कार्ड ठेवा, शिंगाला काही चिकटवू नका. कार्डावर काय माहीत आहे, कशावरून माहीत आहे आणि काय नुसतं वाटतं हे वेगळं लिहा, शिवाय शिंग कोणाकडून, कुठे, कधी घेतलं आणि पावती. आमच्या कार्डावर दादाने खोबरेल तेल लावल्याची तारीखही आहे, पुढे कोणी रेघांमधला थर तपासला तर त्याला कळलं पाहिजे. बाबांनी ते कार्ड वाचलं आणि खाली एक ओळ स्वतःच्या हाताने वाढवली: कॅप्टन हा शब्द नंतरचा, दुसऱ्या हत्याराने. आता त्या कनेक्टिकटच्या गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीला फोटो पाठवायचेत, चुलतभावाबद्दल त्यांच्याकडे काही निघतं का ते विचारायचंय, आणि पहिला फोटो त्या दोन कापलेल्या ओरखड्यांचा लावलाय.